काळजावरची चरबी

पाणी पिऊन पिऊनही तहान भागेना, म्हणून आसेगावच्या उकंडरावांना शेजारच्या जगदेवने बैलांच्या दमणीत बसवून मंगरूळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं आणि समजावून सांगितलं, की बसल्या जागी गूळ-तूप खाऊन काळजावर चरबी चढली आहे. त्यामुळे साखर अंगी लागत नाही, रक्तातच फिरत राहते. गोड बंद, तूपही बंद.

डॉक्टर म्हणाले ते काळीज म्हणजे बरगडीखालची कलेजी, यकृत. जगदेवला तेवढं बारकाईने सांगत बसायला सवड नव्हती. पिठाच्या गिरणीवर लोकांनी विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उकंडरावले चरबी चढली."

ते गिरणीवरून फिरत फिरत दौलतरावाच्या कानावर गेलं. दौलतराव हा उकंडरावांचा धाकटा भाऊ. वाटणीत शेताच्या धुऱ्यावरच्या आंब्यावरून बिनसल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. भावाला नावं ठेवण्यात दौलतरावाने कधी कसूर केली नव्हती, पण परक्या माणसाने ठेवलेली त्याला खपली नाहीत. त्याने जगदेवची गचांडी धरली आणि त्याला ओढत भावाच्या ओसरीवर आणलं.

"दादा, तुले चरबी चढली म्हणते हा."

"खरं हाय," उकंडराव म्हणाले.

दौलतरावाची पकड ढिली झाली. मग उकंडरावांनी डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं, कुशीवर हात ठेवून जागाही दाखवली. जगदेव सदरा सारखा करत, हसत निघून गेला. दौलतरावाला मात्र हसू आलं नाही.

"दुखते काय?" त्याने हळूच विचारलं.

"तसं नाई दुखत. गोड बंद केलं, तेच दुखते."

इकडे दीर इतक्या वर्षांनी घरी आला, म्हणून रुख्मिणीबाईंनी आत शिरा करायला घेतला होता. आनंदाच्या भरात त्यांनी दोघांपुढेही ताटल्या ठेवल्या, आणि नवऱ्याकडे लक्ष जाताच त्यांचा चेहरा उतरला. पुढे केलेलं ताट उचलायचं कसं?

उकंडराव शिऱ्याकडे बघत होते. दौलतरावाने भावाकडे बघितलं आणि त्याची ताटली आपल्याकडे ओढली. आपली संपवली, मग भावाची पुसून खाल्ली, भिंतीला टेकला आणि धोतराची गाठ सैल केली. सुटलेलं पोट ऐसपैस बाहेर आलं.

उकंडराव बराच वेळ त्या पोटाकडे पाहत राहिले.

"डाक्टरनं मले रोज सकाळी पायी फिराले सांगतलं," ते म्हणाले. "तूबी चालत जाय माह्यासंग."