नाहिदचा भालाईत

नाहिदने भाला नक्की केला होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

इंटरनेटवरच्या त्या लढाईच्या खेळात तिचा योद्धा पावसाळ्यापासून राबत होता. लांडगे मारून, पूल राखून, कुणाकुणाच्या हरवलेल्या मेंढ्या शोधून देऊन त्याने कौशल्याचे गुण साठवले होते आणि आता ते शस्त्रांवर टाकायचे होते. सगळे गुण एकाच शस्त्रावर टाकले तर योद्धा त्यात निष्णात होतो. वाटून टाकले तर सगळ्यातच कच्चा राहतो. नाहिद बीएस्सी झालेली, घरी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणारी. तिने प्रत्येक शस्त्राची पोच, वेग आणि घाव पडताळून पाहिले होते. शिवाय नागपूरच्या एका नावाजलेल्या टोळीला भालाईत हवा होता. टोळीचा म्होरक्या तिला फक्त 'वज्र' या नावाने ठाऊक. त्याने कळवलं होतं की भाला पूर्ण कर, संध्याकाळच्या स्वारीत तुझी जागा पक्की. कॉलेजातला विषय अब्बांनी ठरवला होता, नोकरी चुलत्यांनी नको म्हटली होती, ईदच्या कपड्यांचा रंगसुद्धा अम्मी निवडत असे. भाला तेवढा तिचा होता.

अडचण एवढीच की कॉम्प्युटर दुकानात होता. तिचे अब्बा अय्यूबभाई दिग्रसला पंपाच्या मोटारी भरून देत. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. फोनची लाइन दुकानात आलेली, म्हणून इंटरनेटही तिथेच. आणि दुकानात गिऱ्हाईक बसलेलं नाही असा दिवस नसे.

त्या दिवशी शेतावरच्या पंपाची जळालेली मोटार घेऊन आलेले सेवादासकाका बसले होते. मोटार व्हायला वेळ होता, म्हणून त्यांनी आपलं स्टूल हळूहळू कॉम्प्युटरकडे सरकवलं आणि हे काय करून राह्यली म्हणून विचारलं. नाहिदची शिकवायची सवय नडली. तिने सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली की एकदा बटण दाबलं की बदलता येत नाही.

हे ऐकताच अय्यूबभाईंच्या हातातली तार थांबली. न बदलणारी गोष्ट त्यांच्या घरात कुणी एकट्याने केलेली नव्हती. प्लॉट असो, सोयरीक असो, चार माणसं बसल्याशिवाय फैसला होत नसे. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि दुकानामागच्या घरात हाक मारली. अम्मी, म्हणजे अकीलाबी, ओला हात ओढणीला पुसत बाहेर आल्या. चार माणसं झाली.

अय्यूबभाईंचं मत हातोड्याला. धार बोथट होते, हातोडा बोथटच असतो, त्याला काय होणार. अकीलाबींना पडद्यावरचा तो उघडा दंड बघवेना. त्यांनी आधी ढाल द्या, मग काय मारामारी करायची ती करा म्हणून सांगितलं. सेवादासकाकांचा मुद्दा वेगळाच होता. मागच्या साली त्यांनी अख्ख्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली आणि लाल्या रोगाने पानं लाल होऊन सगळी गेली. यंदा मधल्या ओळींत तूर टाकली होती, कडेला ज्वारी.

"एकाच्या भरवशावर राहू नये, बेटा," ते म्हणाले. "जे लागंल ते थोडंथोडं."

नाहिद दातांवर दात ठेवून बसली. लाइट एक वाजता जाणार होती. तेवढ्यात अकीलाबींनी आठवण करून दिली की पाहुणे कवाचे बसले आहेत आणि अजून चहा नाही. कुणीही हात लावू नका, असं बजावून नाहिद आत गेली. तिघांनीही मान डोलावली. त्या घरात मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा अय्यूबभाई खुर्चीवर टेकून बसले होते. मोहल्ल्यातली भांडणं मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता. भांडण मिटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येई तेच समाधान आता आलं होतं.

"झालं. कोणीच नाराज नाही. हातोडा, ढाल, थोडी तलवार, थोडं तिरकमान. भाल्यावर पण टाकला एक, तुहा मान राखला."

नाहिदने ट्रे खाली ठेवला. राग आला की तिचा आवाज चढत नसे, बारीक होत असे.

"मले विचारलं काहून नाही?"

"तू चाय करत होती न. आन् लाइट जाते म्हणून घाई केली." अय्यूबभाईंचं वाक्य संपलं आणि लाइट गेली.

अंधारलेल्या दुकानात तो बारीक आवाज मग थांबलाच नाही.

"कॉलेजात मले फिजिक्स पाहिजे होतं. तुमी केमिस्ट्री भरलं. मी शिकली. नोकरी नाही म्हटलं, मी घरी बसली. अब्बा, हा एक माणूस होता, नकली माणूस. त्याच्या हातात काय द्याचं, एवढं तं माह्या मनानं होऊ द्याचं होतं."

कुणी कपाला हात लावला नाही. सेवादासकाका पुटपुटले, "पर नुस्ता भाला... अन् लाल्या आला तं?"

"काका, भाल्यावर लाल्या येत नाही."

अय्यूबभाई उठले आणि चपला घालून बाहेर पडले. सेवादासकाकांनी मोटरसायकल काढली. दोघं कुठे गेले हे नाहिदने विचारलं नाही. अकीलाबी ढालीबद्दल काहीतरी समजुतीचं बोलायला लागल्या, पण तिच्याकडे एकदा बघून आत निघून गेल्या.

लाइट आली तेव्हा वज्रचा निरोप वाट बघत होता. त्याने तिच्या योद्ध्याचे गुण पाहिले होते. हा लढवय्या आहे की किराणा दुकान, असं त्याने विचारलं होतं. टोळीत जागा नव्हती.

नाहिदने निरोप वाचला. तिचा पावसाळा, तिचे लांडगे, तिच्या मेंढ्या सगळ्यांच्या मनासारखे झाले होते आणि कुणाच्याच कामाचे राहिले नव्हते. पडद्यावरचा तो पाच हत्यारांचा मिंधा माणूस तिला बघवेना. तिने त्याला काढून टाकायचं बटण शोधलं. पुन्हा परत येणार नाही, खात्री आहे का, असा प्रश्न आला. तिने आत हाक मारली नाही, दाराकडे पाहिलं नाही. दाबलं.

तेवढ्यात दोघं घामाघूम होऊन दारात आले. अय्यूबभाई बसस्टँडजवळच्या मुजफ्फरच्या इंटरनेट कॅफेत गेले होते. आपल्या पोरीचं आपण नुकसान केलं, काही इलाज असेल तर सांग, म्हणून त्यांनी त्याला गळ घातली होती. हातातली सगळी कामं टाकून मुजफ्फरने इलाज शोधून दिला होता.

"पलटते," अय्यूबभाई धापा टाकत म्हणाले. "आठ दिवसापासून नवीन सोय आली. एकबार सगळे गुण वापस भेटते. आता तू टाक, सगळे भाल्यावर. आमी बाहेर उभे राहतो."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे हिरवं मैदान होतं, मागे डोंगर होता आणि माणूस नव्हता.

"कुठं गेला तो?"

"काढून टाकला."

"मंग आण वापस."

"येत नाही."

अय्यूबभाई मटकन स्टुलावर बसले. सेवादासकाकांनी कळवळून विचारलं, "कोणाले विचारून केलं, बेटा?"

नाहिदच्या अंगात पुन्हा राग उसळला. तो अब्बांकडे गेला, काकांकडे गेला, आतल्या दारापर्यंत जाऊन आला आणि कुठेच बसायला जागा न मिळाल्याने तिच्याकडेच परतला.

"कोणालेच नाही," ती म्हणाली. या वेळी आवाज चांगला मोठा निघाला, रस्त्यापर्यंत.

तिने आजवर एकटीने घेतलेला हा पहिला फैसला होता. तो इतका साफ चुकला होता की, त्या दुकानात पहिल्यांदाच, सल्ला द्यायला कुणाचं तोंड उघडलं नाही.