नानांचा कोरडा पाईप

सुरतेत लोक पौषातही पंखा बंद करत नाहीत. अशा गावात घरात खोली तापवणारा रेडिएटर बसवणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे नाना. रंगाईच्या मिलमध्ये वाफेचे पाईप जोडण्यात त्यांचा जन्म गेला. कापड सुकवायच्या मशीनचा एक मोडका रेडिएटर त्यांनी भंगारातून आणला, गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी त्याला जोडलं आणि डिंडोलीतल्या आपल्या दोन खोल्यांत थाटात टांगला. मे महिन्यात त्यांच्याकडे चहाला बसणं म्हणजे इडलीच्या भांड्यात बसणं.

"पावसाळ्यात कपडे सुकतात, पोरी," हे त्यांचं म्हणणं. कपडे किती, तर दोन बनियन आणि एक लेंगा.

बरं, तो रेडिएटर एका जागी राहील तर शपथ. दिवाळीला बैठकीत, होळीला स्वयंपाकघरात. जागा बदलली की पाईप फिरवायचे, आणि नवा पाईप आणणं किंवा भिंत फोडणं नानांच्या लेखी महापाप. "भिंतमा माल पडेल शे," ते डोळा मिचकावून म्हणायचे. आमची दोन्ही घरं पूर्वी एकाच मालकाची. त्याने भिंतीत गाडून ठेवलेले जुने पाईप नाना चमचा ठोकत, कान लावत हुडकून काढत आणि पुन्हा कामाला लावत. एकदा असाच एक सापडला, नानांनी हौसेने पाणी सोडलं आणि ते आमच्या देवघरात निघालं. गणपतीच्या मागून गरम पाण्याची धार. सासूबाईंनी आधी हात जोडले. मग पाणी गंजाचं आहे हे कळल्यावर नानांच्या सात पिढ्या काढल्या.

सासूबाईंचं तोंड म्हणजे काय सांगू. दिवसभर ओट्यापाशी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या आणि अहिराणीत कुणाला तरी सोलायचं. बहुधा नानांनाच. "येडा व्हई गया तो. सारा दिन ठोकठोक."

थंडीत गार पाण्याने भांडी घासून त्यांची बोटं सुजायला लागली. आमच्या ओट्याखाली एक जुना पाईप होता, थेट नानांच्या बैठकीत निघणारा. त्यातून रेडिएटरचं गरम पाणी घेतलं की झालं. मी नानांना विचारलं. वाटलं, उड्याच मारतील.

"तो नको," नाना म्हणाले. "नवा टाकू. भिंत फोडू."

भिंत फोडू? त्यांना ताप आहे का, हे बघायला मी हात पुढे केलाच होता. आमच्या ओट्यामागच्या भिंतीच्या फरश्या नव्या, सासूबाईंची बोटं सुजलेली आणि हा बाबा एका रिकाम्या पाईपावर नागोबासारखा बसलेला. मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीची वाटी घेऊन मी भांडायलाच गेले. दार उघडं होतं. नाना पाटावर जेवायला बसलेले, कान भिंतीतल्या त्याच पाईपाच्या तोंडाला. आतून सासूबाईंचा आवाज खणखणीत येत होता, "गरम पानी देवाले जीव जास त्याना!" आणि हातात भाकरीचा तुकडा धरून नाना खुदुखुदु हसत होते.

मला पाहून ते ओशाळले. "बायको गेली आणि या घरातली अहिराणी गेली," ते म्हणाले. "पोरगा वापीला. तो फोनवर गुजराती बोलतो, नातू हिंदी. बायको पण मला जेवताना अशीच बोलायची. पाणी भरलं की आवाज बंद होईल, पोरी. सासूला सांगू नको, लाजेल ती."

म्हणजे इतके दिवस हा माणूस आमच्या घरातलं सगळं ऐकत होता. पण रागवायचं राहूनच गेलं. वाटी ठेवून मी निघून आले.

सासूबाईंना सांगितल्यावाचून मात्र मला राहवलं नाही. त्या एकदम गप्प झाल्या. रात्री गप्प, सकाळी गप्प. घर कसं खायला उठलं. दुपारी त्यांनी टिकल्यांची डबी बाजूला सरकवली आणि मला म्हणाल्या, "फोड त्या फरश्या, नवा पाईप टाक." मग ओट्याखाली वाकून पाईपाला तोंड लावलं.

"ओ भाऊ, जेवन व्हयनं का?"

पलीकडे नाना खाकरले.

"कालपाईन नही, बहीन. तू बोलनीच नही."