मुकुंदराव मुंगूस आणि चाळीस मिनिटांचा गेम

मुलांनो, झाडाझाडावर टॉवर आणि बिळाबिळात नेट असलेल्या एका जंगलात मुकुंदराव नावाचे एक मुंगूस राहत असत. ते राजाच्या कचेरीत कारकून होते. स्वभाव शांत. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एका रविवारी दुपारी त्यांच्या पत्नी शालिनीबाई बारशाला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. मुकुंदरावांनी कचेरीतल्या माकडाने सुचवलेला एक गेम लावला. गेम भीतीचा होता, फक्त चाळीस मिनिटांचा. त्यात आपण हॅकर व्हायचं आणि एका अनोळखी प्राण्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचं.

गेमने आधी नाव विचारलं. मुकुंदरावांनी दिलं. मग गेमने विचारलं, "तुमचा कॅमेरा वापरू का?" मुकुंदरावांनी न वाचताच 'हो' दाबलं. तुमचे आईबाबाही असंच दाबतात. त्यांना विचारू नका, चिडतील.

गेममधला अनोळखी प्राणी म्हणजे एक म्हातारा ससा. एकटाच राहणारा. मुकुंदरावांनी त्याचे जुने फोटो चाळले आणि पासवर्ड म्हणून त्याच्या वारलेल्या बायकोचं नाव टाकलं. कॉम्प्युटर उघडला. मुकुंदरावांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यांनी सशाची औषधांची यादी वाचली. कॅमेऱ्यातून त्याला जेवताना पाहिलं. मग एक पत्र सापडलं. सशाने मुलीला लिहिलेलं, पण न पाठवलेलं. 'माझं चुकलं, घरी ये,' एवढंच त्यात होतं.

गेमने विचारलं, "पुसून टाकू?"

"टाक की," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

पत्र पुसलं गेलं. पडद्यावरचा ससा जेवता जेवता थांबला. त्याने मान वळवली आणि थेट मुकुंदरावांकडे पाहिलं.

"झालं वाचून?" त्याने विचारलं.

मग ससा नाहीसा झाला. त्याच्या जागी एक बीळ दिसू लागलं. बिळात एक मुंगूस बसलं होतं, हातात कप धरून. खाली अक्षरं उमटली: 'मुकुंदराव, आता तुमची पत्रं वाचू.'

शालिनीबाई परतल्या तेव्हा मुकुंदराव कणगीमागे दडून बसले होते.

"मला कुणीतरी बघत होतं," ते म्हणाले.

शालिनीबाईंनी पडदा पाहिला. त्यावर लिहिलं होतं: 'गेम संपला. तुमचं काहीही वाचलेलं वा साठवलेलं नाही. आभार.' मग त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"आणि त्या सशाचं पत्र का पुसलंत?" त्यांनी विचारलं.

"अगं, तो गेममधला ससा."

"तुम्हाला बघणाराही गेममधलाच होता."

आठ दिवस मुकुंदरावांना अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी दरबारात तक्रार केली.

प्रधान कोल्ह्याने लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे कॅमेऱ्यातून कुणाच्याही बिळात बघता येतं?"

"येतं, साहेब. फार भयंकर आहे."

"आणि पासवर्ड ओळखता येतो?"

"मी दोन मिनिटांत ओळखला," मुकुंदराव म्हणाले. बोलताना ते जरा ताठ उभे राहिले.

कोल्हा सिंहाच्या कानाला लागला. त्याच आठवड्यात गेमवर बंदी आली. गेम बनवणारी खार हद्दपार झाली. प्रजेच्या रक्षणासाठी प्रत्येक बिळात आणि प्रत्येक वाटेवर सरकारी कॅमेरा बसला. आणि या कामाचा अनुभव असलेला एकमेव प्राणी म्हणून मुकुंदराव देखरेख खात्याचे प्रमुख झाले.

त्यांची भूक परत आली. जेवताना ते कुणाच्या घरात काय चाललंय ते सांगू लागले. "पलीकडच्या साळिंदराची बायको त्याच्याशी महिनाभर बोललेली नाही."

शालिनीबाईंचा घास हातातच राहिला. "तुम्हाला आता भीती नाही वाटत?"

"भीती कसली? आता मी पडद्याच्या या बाजूला आहे."

शालिनीबाईंनी उठून घरातल्या कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस आली. खाली मुकुंदरावांची सही होती.

त्या माहेरी निघाल्या. त्या कोणत्या वाटेने गेल्या, कुठे बसल्या, कुठे डोळे पुसले, हे सगळं मुकुंदरावांनी कचेरीच्या वेळेत पाहिलं आणि शुद्ध भाषेत अहवालात लिहिलं. अहवाल वरपर्यंत वाखाणला गेला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावणं फार वाईट. म्हणून, मुलांनो, आधी नेमणूकपत्र घ्यावं आणि मगच डोकावावं.