काचेवरची सरळ रेघ

सरळ रेघ मारायला काय अक्कल लागते? हे मी घरी बायकोसमोर छाती ठोकून बोललो होतो! आमच्या कारखान्यात रोबोटचा हात काचेच्या दाराच्या कडेने गोंदाची रेघ ओढणार होता. प्रोग्राम माझा. गिऱ्हाईक बाईंना तो पसंत पडला, की सहा महिने लोंबकळणारी माझी नोकरी पक्की. सुरुवातीचा बिंदू दिला, शेवटचा दिला. झालं काम!

बाई यायला वीस मिनिटं असताना चालवून पाहिला. हाताने काचेवर भुवईसारखा भला मोठा बाक काढला, वरून ऐसपैस वळसा घेतला आणि आपल्या जागी परतला.

"तू त्याला नुसतं जा म्हणालास, तो सोयीने गेला," काच बदलता बदलता फिटरमामा म्हणाले. "सरळ जा म्हणून वेगळं सांगावं लागतं. पण प्रोग्राममधल्या काचेवर चालणाऱ्या ओळीलाच सांग हं."

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, बाई फाटकाशी पोहोचल्या. आता एकेक ओळ कोण शोधत बसणार? मी सगळ्याच ओळी सरळ करून टाकल्या. मामा म्हणत होते, एकदा हळू चालवून बघ. पण वेळ होता कुठे?

बाई रोबोटभोवतीच्या जाळीबाहेर उभ्या राहिल्या. मी सुरू केलं. रेघ अशी उतरली, की ओळंबा लाजावा! बाईंनी मान डोलावली. साहेबांनी चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग रोबोट परत निघाला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परतीची ओळही मी सरळ केली होती, आणि त्या सरळ वाटेत काच धरणारा लोखंडी क्लॅम्प उभा होता. वीतभर अंतर राहिलं. चार बोटं राहिली. ओरडावं तर दातखीळ बसलेली. पाय मात्र धावले. साहेबांना ढकलून, बाईंची पर्स तुडवून मी रोबोट थांबवायच्या लाल बटणावर अंग झोकून दिलं. रोबोटचा हात क्लॅम्पच्या बोटभर अलीकडे थांबला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"प्रोग्राम माझाच," मी कसंबसं म्हणालो.

"प्रोग्राम दुसऱ्या कोणाला तरी करू द्या," बाई साहेबांना म्हणाल्या, "पण ह्यांना तिथून हलवू नका."

तर मंडळी, नोकरी पक्की झाली. प्रोग्राम आता फिटरमामा करतात, आणि मी आठ तास त्या बटणाशेजारी उभा असतो. पाणी प्यायला जायचं झालं, तरी मामांना विचारून जातो.