भालेरावकाकांची अंमलबजावणी

एका गुरुवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या चपला धुतलेल्या होत्या.

चपला, सँडल, बूट, आईच्या जाड रबरी स्लीपर, सगळं जिन्याच्या कठड्याला टेकवून वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घातलेलं. त्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी घेतलेले माझे चामड्याचे नवे सँडलही होते. ते फुगून कोळंबीसारखे वाकडे झाले होते. शेजारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कांबळेसाहेब एका हातात ओला बूट धरून उभे होते. बुटातून पाणी गळत होतं.

"हे भालेरावांचं काम," ते म्हणाले. "काल बुधवार होता ना."

समोरचं दार उघडलं आणि बनियन-लुंगीतले भालेरावकाका घासायचा ब्रश घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर समाधान.

"काल पाय धुण्याचा भाग वाचला," ते म्हणाले. "येशूने शिष्यांचे पाय धुतले. आता तुमचे पाय धुतो म्हटलं असतं तर तुम्ही धुऊ दिले असते का?"

"नाही," कांबळेसाहेब म्हणाले.

"म्हणून चपला धुतल्या. अंमलबजावणी नको का करायला?"

शांतवन भालेराव मूळचे नगरकडचे. चारकोपला आमच्या समोरच्या दारात राहून त्यांना वीसेक वर्षं झाली. नोकरीत असताना ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि निवृत्त झाल्यावरही बोलणं त्याच खात्यातलं राहिलं. बायबल त्यांच्या लेखी मॅन्युअल होतं. "मॅन्युअल पाठ करून लिफ्ट वर जात नाही, वर्षा. पाना हातात घ्यावा लागतो," असं ते मला निदान शंभर वेळा म्हणाले असतील. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बायबलचा अभ्यास व्हायचा. आसपासची पाच-सात माणसं यायची, एक भाग वाचायची, त्यावर बोलायची, एखादं गीत म्हणायची आणि चहा घेऊन घरी जायची. गुरुवारपासून काका वाचलेल्या भागाची अंमलबजावणी सुरू करायचे आणि ती आम्ही भोगायचो. बिल्डिंगमधली माणसं एकमेकांना विचारायची, "ह्या आठवड्यात काय आहे?" पाणी किती वाजता येणार हे विचारावं, तसं.

एका आठवड्यात वाचनात होतं की आपलं बोलणं हो ला हो आणि नाही ला नाही एवढंच असावं. त्याच रविवारी सोसायटीची मीटिंग होती. लिफ्टचं काम नुकतंच नवीन माणसाकडून करून घेतलं होतं. कांबळेसाहेबांनी मोठ्या विश्वासाने विचारलं, "काका, तुम्ही तर यातले जाणकार. काम चांगलं झालंय ना?"

"नाही," काका म्हणाले आणि गप्प बसले.

"का? काय बिघडलंय?"

काका नुसते बघत राहिले. हो किंवा नाहीमध्ये बसेल असा तो प्रश्न नव्हता. मग सेक्रेटरींनी एकेक भागाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मोटर? नाही. दोर? नाही. दरवाजा? हो. वरचा? नाही. दुसऱ्या मजल्यावरचा? हो. अर्धा तास हे चाललं. शेवटी माझ्या आईने सगळ्यांना पोहे दिले आणि काकांना विचारलं, बरे झालेत ना. ते म्हणाले, "नाही." आई पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

शत्रूवर प्रेम करण्याचा आठवडा त्याहून कठीण गेला, कारण काकांना शत्रूच नव्हता. ते माझ्याकडे चौकशीला आले. "वर्षा, माझं कोणाशी वैर आहे का गं? नीट आठव."

मला काही आठवेना. शेवटी त्यांनीच दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कबुतरांना दाणे घालणाऱ्या बाईंची निवड केली. मागे कधीतरी काकांच्या वाळत घातलेल्या चादरीवरून दोघांत दोन शब्द झाले होते. काका केक घेऊन त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या शत्रू आहात. मी तुमच्यावर प्रेम करायला आलोय."

त्या बाईंच्या यजमानांची समजूत घालायला मला आणि आईला दोनदा खाली जावं लागलं. केक मात्र त्यांनी ठेवून घेतला.

कोणी एक मैल चल म्हटलं तर दोन मैल जावं, असंही त्यांच्या वाचनात एकदा आलं. चारकोप नाक्यावर एका माणसाने त्यांना डहाणूकरवाडीचा रस्ता विचारला. काकांनी त्याला तिथपर्यंत पोचवलं आणि मग त्याच्यासोबत पुढेही चालत राहिले. तो भरभर चालायला लागला, तसे काकाही. शेवटी त्याने फोन काढून कोणाला तरी सांगितलं, "यार, एक म्हातारा माझ्या मागे लागलाय." हे काकांनीच मला हसत सांगितलं. "बिचारा घाबरला. पण माझे दोन मैल झाले."

मी हे सगळं गंमत म्हणूनच बघत आले. सकाळी आठला घर सोडायचं, अंधेरीच्या ऑफिसात दिवस काढायचा, आठ-साडेआठला परत. काकांची बायको मालनकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी करुणा लग्न होऊन नाशिकला. हे मला माहीत होतं, पण समोरच्या दाराबद्दल माहीत असतं तेवढंच.

एका रविवारी करुणाचा फोन आला.

"ताई, एक विचारू का? पप्पांकडे बुधवारी पंधरा माणसं येतात का हो?"

"का गं?"

"आम्ही वर्षभर त्यांना म्हणतोय, इकडे राहायला या. खोलीपण तयार आहे. ते म्हणतात, पंधरा माणसं माझ्या भरवशावर येतात, त्यांना सोडून कसा येऊ."

"येतात की. बरीच येतात," मी म्हणाले. मला तसंच वाटत होतं.

फोन ठेवला तर आई माझ्याकडे बघत होती. आई मालवणची. मुंबईत तिला पन्नास वर्षं झाली, पण तिची भाषा तिकडचीच राहिली.

"खयची पंधरा?" ती म्हणाली. "गणपती झाल्यापासून कोण येवक नाय. एकटेच मोठ्यान वाचीत बसतत."

"तू मला बोलली नाहीस."

"तुका येळ खय असता?"

पुढच्या बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. साडेसहाला काकांच्या दारात गेले. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या सहा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर गीतांचं एकेक पुस्तक. समोर काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि रिकाम्या खुर्च्यांकडे मधूनमधून बघत वाचत होते, शाळेत मास्तर वर्गाकडे बघतात तसं.

मला बघून त्यांनी पुस्तक मिटलं.

"ये. करुणाने फोन केला असेल."

"काका, बाकीचे कुठे गेले?"

"कोण कुठे, कोण कुठे. डिसोझा नवरा-बायको नालासोपाऱ्याला राहायला गेले. एवढ्या लांबून कसे येणार? दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या, त्यांची ड्युटी बदलली. लोखंडेमास्तर वारले. राहिलेले दोघं मग यायचे थांबले. दोघांना वाटलं असेल, आता काय." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी करुणाला आधी पाच सांगितले. ती म्हणाली, पाच माणसं काय, दुसऱ्या कोणाकडे जमतील. मग मी आठ केले. मग बारा. असं करत पंधरावर गेलो. खोटं बोललो, वर्षा. हो ला हो म्हणणारा माणूस मी."

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"पण जात का नाही तुम्ही? ती प्रेमाने बोलावतेय."

"तेच तर. जावई चांगला आहे. चहा हातात, जेवण हातात, दुपारी झोपा, संध्याकाळी बागेत बसा. सगळे माझं करणार. मग मी वाचलेलं कोणासाठी करू?"

त्यांनी चष्मा लावला.

"मालन होती तेव्हा मी नुसता वाचायचो. माझं वाचन चांगलं होतं, सगळे म्हणायचे. अर्थ सांगायचो, संदर्भ सांगायचो. गुरुवारी डबा घेऊन कोणाच्या घरी जायची ती. दवाखान्यात कोणाजवळ बसायची ती. मला सांगायचीसुद्धा नाही. ती गेल्यावर कोण कोण येऊन रडलं इथे, मी त्यातल्या निम्म्यांना ओळखत नव्हतो." त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं गीतांचं पुस्तक सरळ केलं. "मला तिच्यासारखं जमत नाही. माझं सगळं चुकतं. तुझे सँडल फुकट घालवले. पण तिने केलं असतं ते आपण करून बघावं, एवढंच."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पुढच्या बुधवारी मी लवकर आले, तेव्हा ती साडी बदलून, सोलायच्या लसणाचं ताट घेऊन तयार होती.

"माका माझो देव आसा, तेंका तेंचो," ती मला म्हणाली. "ऐकलंय तर काय जातला?"

भिंतीला धरून धरून ती समोरच्या दारात गेली. काका वाचायला सुरुवात करणारच होते.

"भालेरावानू, माका खुर्ची उंच व्हयी. गुडघे वाकणत नाय."

काका उठले. एका खुर्चीवर दुसरी, त्यावर तिसरी ठेवून त्यांनी आईसाठी उंच आसन केलं. आई बसली, ताट मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता वाचा. सावकाश वाचा."

त्या दिवशी दोन बहिणींची गोष्ट होती. येशू त्यांच्या घरी येतो. एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. दुसरी आत राबत असते आणि येऊन तक्रार करते, हिला मला मदत करायला सांगा. येशू म्हणतो, तू फार गोष्टींची दगदग करतेस, हिने चांगलं ते निवडलं.

आईचा हात लसणावर थांबला.

"ह्या माका पटूक नाय," ती म्हणाली. "ती आत रांधता म्हणान भायले बसान ऐकतत. तीव येवन बसली तर ते जेवतले काय?"

काकांनी पुन्हा तो भाग मनात वाचला. ओठ हलत होते.

"वहिनी, चाळीस वर्षं हा भाग वाचतोय," ते म्हणाले. "त्या दिवशी भाकरी कोणी केली, हे मला कधी सुचलं नाही."

मग आईने, ती सासरी नवी नवरी असताना पंगतीमागून पंगत कशी वाढायची आणि शेवटी तिला कशी नुसती पेज उरायची, हे सांगितलं. मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. काका मध्ये न बोलता ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मला सुट्टी होती. सकाळी दहाला बेल वाजली. काका दारात उभे. बगलेत स्वतःची कढई, खांद्यावर पंचा.

"वहिनी, आज तुम्ही बाहेर बसायचं," ते म्हणाले. "स्वयंपाक माझ्याकडे."

आईने बराच विरोध केला. आमच्या स्वयंपाकघरात परक्या पुरुषाने पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि घरातल्यानेही फारसं नव्हतं. पण काका आत गेलेच. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अवघडून बसली, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशी. आतून भांडी पडल्याचे आवाज यायला लागले. हळद कुठे आहे, मीठ कुठल्या डब्यात, हे काका ओरडून विचारायचे आणि आई बसल्या जागेवरून सांगायची. मी आत डोकावले तर ओट्यावर सगळीकडे कांद्याची सालं. काकांनी मला बाहेर पाठवलं.

थोड्या वेळाने आवाज थांबले. मग काकांचा बोलण्याचा आवाज आला. ते फोनवर होते.

"करुणा, पंधरा नाहीत," ते म्हणत होते. "खोटं सांगितलं होतं मी. तीन महिने कोणीच नव्हतं… ऐक तर. आता दोन येतात. परबवहिनी आणि त्यांची वर्षा… अगं, ख्रिस्ती नाहीत, पण वहिनी प्रश्न असे विचारतात की मला रात्रभर… नाही. रागावून नाही राहिलो गं. तुझी खोली चांगलीच असणार."

मग बराच वेळ पलीकडून करुणा बोलत असावी. काका फक्त हं हं करत होते, आणि ते हं हं हळूहळू भरून येत चाललं होतं.

स्वयंपाकघरातून जळका वास यायला लागला. आई खुर्चीचे हात धरून अर्धी उठली. दाराकडे बघत क्षणभर तशीच राहिली. मग परत खाली बसली.

"आई, भात करपतोय," मी म्हणाले.

"करपांदे," आई म्हणाली.