राजघाटावरचा समुद्र

भूमध्य समुद्र बुऱ्हाणपुरात आणून दाखवणारा माणूस आजवर एकच झाला. तो मी! हसू नका. इंग्रज सरकारला जे जमलं नाही, ते कापसाच्या जिनिंग प्रेसच्या हेडक्लार्कनं, म्हणजे या वामनरावानं, एका रविवारी करून दाखवलं. समुद्र चांगला अडीच तास टिकला. मग काय झालं ते सांगतोच.

आमच्या प्रेसचे मॅनेजर डॉब्सनसाहेब. दर दोन वर्षांनी ते रजा काढायचे आणि मेमसाहेबांना घेऊन फ्रान्सच्या मुलखात, भूमध्य समुद्राच्या काठी एका बड्या हॉटेलात महिनाभर राहायचे. यंदा लढाई पेटली, बोटी बंद पडल्या आणि मेमसाहेबांचा समुद्र बुडाला! त्या रागात त्यांनी दोन खानसामे काढले आणि माळ्याला पळवून लावलं. साहेब सकाळी सहालाच ऑफिसात येऊन बसायला लागले. घरी जायचं नाव नाही!

एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर त्या हॉटेलचं रंगीत चित्रांचं पुस्तक ठेवलं.

"वेल, वामनबाबू, मेमसाहेब रोज यह देखता है और रोज रोता है. हम क्या करेगा?"

मी पानं उलटली. समुद्रासमोर खोली. वाळूवर मोठी छत्री, छत्रीखाली चटई. फुलांचे ताटवे. गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याचं न्हाणीघर. बेंडबाजा, गाणं-बजावणं. उंच खुर्चीवर बसलेला एक माणूस, कोणी बुडालं तर उडी मारायला. आणि बर्फ घातलेलं सरबत.

"बस एवढंच?" मी म्हणालो. "साहेब, यात कठीण काय आहे? येत्या रविवारी राजघाटावर सगळं हजर करतो!"

आता हे मी का बोललो ते ऐका. प्रेसचं क्वार्टर नंबर चार रिकामं झालं होतं. दोन खोल्या, ओसरी आणि घरात नळ! आमची मंगला दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणते. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली निम्मी तिनं त्या रहाटावर काढली. तिनं मला बजावलं होतं, "यंदाचं हळदीकुंकू त्या नळाच्या घरात. नाही जमलं तर मी चालले रावेरला, माहेरी. तुम्ही आणि तुमचा रहाट बसा गोष्टी करत!"

मी साहेबांकडे नळाचा विषय काढला. साहेब म्हणाले, "मेमसाहेब हसेगा, तो क्वार्टर तुमको देगा!"

झालं! मी कामाला लागलो.

खोलीसाठी लग्नातला तंबू आणला. आतून लाल, त्यावर पिवळे मोर. समुद्र म्हणजे राजघाटाखालची तापी. थोडी अरुंद आहे, पण पाणी तेवढंच ओलं! छत्री बाजारात बांगडीवाल्याकडून मागून आणली. ताटव्यांऐवजी चटईच्या चारी बाजूंनी झेंडूच्या माळा अंथरल्या. बेंडवाल्यांना सांगितलं, "लग्नातला धांगडधिंगा वाजवायचा नाही. एकदम हळू, गंभीर."

समुद्राचं पाणी गरम करायला हवं म्हणून काठावर मोठी कढई मांडली, तिच्यात अर्धं पोतं मीठ ओतलं आणि बाजूला दोन गाडी लाकडं रचून ठेवली.

राहिला तो उंच खुर्चीवाला. त्यासाठी शेतातला माळा उपटून आणला, ज्वारीतली पाखरं हाकलायला उभारतात तो, आणि त्यावर कडूला चढवला. कडू म्हणजे राजघाटावरचा नाववाला. पोहण्यात मासा! पण खरीप-रब्बीत हाच माणूस लोकांच्या माळ्यावर बसून राखण करतो.

"कडू, कोणी बुडायला लागलं की उडी मारायची. समजलं?"

"हाव भाऊ. आन बुडलं नाही तं?"

"तर गप बसायचं!"

"माळ्यावर गप कसं बसतू भाऊ?" कडू म्हणाला. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं!

रविवारी सकाळी नऊ वाजता साहेब-मेमसाहेब आले. मेमसाहेबांनी तंबूतले मोर पाहिले. नदी पाहिली. छत्री पाहिली. ओठांचा डावा कोपरा जरा वर गेला! माझ्या डोळ्यांसमोर नळ वाहायला लागला.

"बाबू, अब हम धूप में सोएगा. कोई हमको नहीं उठाएगा."

गोऱ्या लोकांची ही एक तऱ्हा आहे. आपण उन्हातून सावलीत पळतो, ते सावलीतून उन्हात जातात, आणि त्यासाठी बोटीचं भाडं भरतात! मेमसाहेबांनी हातापायांना खोबरेल चोळलं, चटईवर उताण्या झाल्या, पाय नदीच्या पाण्यात सोडले. थोड्या वेळानं ऊन चटकायला लागलं, तेव्हा तोंड काळवंडू नये म्हणून अंगावरून तोंडापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली.

इतक्यात माळ्यावरून आरोळी आली, "हाऽऽ हूऽऽ! हाऽऽ हो!" आणि गोफणीतला दगड सणसणत नदीपार गेला. साहेबांची हॅट पडली.

"कडू! काय करून राहिला?"

"बगळा बसला व्हता भाऊ!"

"बसू दे ना! आपण काय नदीत ज्वारी पेरली?"

पण माळ्यावर चढलेला कडू थांबतो होय! दर दोन मिनिटांनी त्याचं हाऽऽ हूऽऽ चालूच. शेवटी मेमसाहेबांनी पिशवीतून कापूस काढला, दोन्ही कानांत गच्च कोंबला आणि झोपून गेल्या. जिनिंगच्या मॅनेजरची बायको, कापसाला काय तोटा!

साहेबांनी हॅट बाजूला ठेवली आणि थोडं लांब एका दगडावर मासे धरायला गळ टाकून बसले. उघड्या डोक्यानं, मान खाली घालून, नदीकडे बघत.

सगळं कसं चित्राबरहुकूम! राहिला होता तो बर्फ. तो खंडव्याहून गाडीनं यायचा होता. मी टांगा केला आणि स्टेशनावर गेलो.

आता माझ्यामागे काय झालं ते डोळ्यांसमोर आणा. नदीचा काठ. पांढऱ्या चादरीखाली कोणी उताणं पडलंय. कानात कापूस. पाय पाण्यात. भोवती झेंडू. पलीकडे रचलेली दोन गाडी लाकडं. नवरा डोकं उघडं टाकून मान खाली घालून बसलाय. बेंड हळू आणि गंभीर वाजतोय. आणि अशा वेळी घाटावर धुणं घेऊन आली सरुबाई!

सरुबाई कोण हे बुऱ्हाणपुरात विचारावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. गावात कुठेही मयत होवो, पहिला गळा सरुबाईचा. नातं असो नसो. मेलेल्याचे असे गुण गाऊन रडते की घरच्यांनाही वाटावं, अरे, हा माणूस इतका चांगला होता? आपल्याला कसं कळलं नाही! आणि आपल्याकडची रीत अशी की मयतात 'कोण गेलं, कसं गेलं' असं विचारत बसायचं नसतं. आधी बसायचं, रडायचं, मग हळूच विचारायचं.

सरुबाईनं धुणं टाकलं, चटईजवळ बसली आणि छातीवर हात मारून सुरू झाली,

"अवं माझी गोरी मायऽऽ! कुठं गेली वं सोडूनऽऽ! कधी कोनाला वाकडं बोलली नाही वं माऽऽय! गरिबाला उपाशी धाडलं नाही वंऽऽ!"

आदल्याच आठवड्यात याच मेमसाहेबांनी तिला बंगल्याच्या फाटकातून छत्री उगारून हाकललं होतं!

घाटावरच्या बाया धावल्या. दहाच्या वीस झाल्या, विसाच्या पन्नास. माळ्यावर कडूलाही हुंदका फुटला. इतका वेळ आपण मयताच्या डोक्यावर गोफण फिरवत होतो, या विचारानं तो बिचारा गोफण डोक्याला गुंडाळून बसला. तिकडे साहेबांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं, हे बाबूनं ठेवलेलं गाणं असणार. पुस्तकात होतंच, 'गाणं-बजावणं'! ते पायानं ताल धरून पुन्हा गळाकडे बघायला लागले.

मी बर्फाची लादी भुशाच्या पोत्यात बांधून परत निघालो, तर बाजार बंद! एकाएका दुकानाच्या फळ्या पडत होत्या. मोतीलालशेठ आपल्या कापडाच्या दुकानाला कुलूप घालत होते.

"शेठ, काय झालं? कोण गेलं?"

शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वामनभाऊ, हिंमत रखो. तुमची मेमसाहेब गेली."

"कुठे गेली?"

शेठनी वर बोट दाखवलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांसमोर आधी मेमसाहेब आल्या नाहीत. आधी नळ आला. मग मंगला आली, रावेरच्या गाडीत बसलेली. मग कुठे मेमसाहेब! तास-दीड तासापूर्वी माणूस धडधाकट होता आणि माझ्या समुद्रात मेला? मिठामुळे? का कडूचा दगड लागला? मला फाशी होईल का? मी शेठना टांग्यात ओढलं आणि टांगेवाल्याला ओरडलो, "पळव!"

घाटावर ही गर्दी! मला बघून लोकांनी वाट करून दिली. माझ्या खांद्यावर बर्फाचं पोतं बघून एक म्हातारा म्हणाला, "बघा, बर्फ घेऊन आला. म्हणजे आज उचलत नाहीत. विलायतेचे नातेवाईक यायचे असतील."

ते ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. मी पोतं टाकलं, धावलो आणि मेमसाहेबांच्या पायांवर पडलो. दोन्ही पाय गच्च धरले.

"मेमसाब! माफ करा! मला काय माहीत हो, समुद्र असा अंगावर येईल म्हणून!"

आता हे हात पाऊण तास बर्फाच्या लादीवर होते. आणि पाय जिवंत होते.

मेमसाहेबांनी जी किंकाळी फोडली ती असीरगडावर ऐकू गेली असेल! त्या चादरीसकट ताठ उठून बसल्या. मग काय विचारता! पन्नास बाया पन्नास दिशांना. मोतीलालशेठ धोतर सावरत कढईत! बेंडवाल्यांनी घाबरून लग्नातला धांगडधिंगा सुरू केला. माळ्यावरून कडूनं नदीत उडी मारली. दिवसभरात हुकुमाप्रमाणे झालेलं ते एकच काम, पण बुडत कोणीच नव्हतं.

जागची हलली नाही ती फक्त सरुबाई. ती कमरेवर हात ठेवून मेमसाहेबांवर डाफरली,

"अर्ध्यात कशी उठली वं माय? माझं अजून लेकराबाळांचं राहिलं!"

मेमसाहेबांनी कानातला कापूस काढला. "बाबू! यह औरत क्या बोलता है?"

साहेब गळ टाकून धावत आले होते. माझ्यासमोर नळ आणि फाशी दोन्ही लटकत होते. म्हटलं, खरं सांगून मरण्यापेक्षा अर्धं खरं सांगून जगावं.

"मेमसाब, ही आपल्यावर गाणं गात होती. म्हणते, मेमसाहेब कधी कोणाला वाकडं बोलत नाहीत, गरिबाला उपाशी जाऊ देत नाहीत. आमची आई आहेत, म्हणते."

मेमसाहेबांनी सरुबाईच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग स्वतःच्या डोळ्यांना चादर लावली.

"हेन्री," त्या साहेबांना म्हणाल्या, "तीस बरस में तुमने हमको ऐसा एक बात नहीं बोला!"

साहेब बुटांकडे बघायला लागले.

आणि मेमसाहेब हसल्या! चांगल्या दोन्ही कोपऱ्यांनी हसल्या! मी मनातल्या मनात क्वार्टर नंबर चारच्या ओसरीवर तोरण बांधून मोकळा झालो.

"हेन्री, हम इस औरत को रखेगा. बंगले के पास रखेगा. कौन-सा क्वार्टर खाली है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मेमसाहेबांकडे पाहिलं. तीस वर्षांचं लग्न होतं ते!

"नंबर चार," साहेब म्हणाले.

सरुबाई सोमवारीच राहायला आली. रोज संध्याकाळी मेमसाहेबांसमोर बसून थोडं थोडं रडते. बंगल्यावर शांतता आहे, साहेब आठला ऑफिसात येतात. मंगला रावेरला गेली नाही. म्हणाली, "जाते तर खरी, पण आधी तुम्ही रोज पाणी भरताना मला डोळ्यांनी बघायचंय."

सरुबाई मनानं चांगली. तिनं मला स्वतः सांगितलं, "भाऊ, विहिरीवर कशाला जाता? माझ्या नळावर या. आन तुमचं काही झालं तं मी येईन. पुरं रडीन, अर्ध्यात सोडणार नाही."

काल गेलो. पुढे अकरा बाया होत्या. दीड तासानं माझा नंबर आला. हंडा नळाखाली ठेवला. पाणी गेलं.