एका वेळी एकच डबा

रामटेकेकाकांच्या घरी चहाला जायचं असेल, तर घरून चहा पिऊन निघावं.

कारण काका चहा करतात तेव्हा ओट्यावर एका वेळी एकच डबा असतो. आधी चहापत्तीचा डबा निघतो. झाकण उघडतं, चमचा आत जाऊन बाहेर येतो, झाकण लागतं, डबा कपाटात जातो, कपाटाचं दार बंद होतं. मग साखरेचा डबा निघतो. त्यालाही हेच सगळे सोपस्कार. मग वेलचीचा. एकदा मी मदत म्हणून साखर आधीच काढून ठेवली, तर काकांनी गॅसच बंद केला.

"जावईबापू, ओट्यावर दोन डबे कोणी काढले?"

"काका, साखर आहे हो ती."

"आज साखर आहे. पण हाताला सवय कोणती लागून राहिली, ते पाहा ना."

काका म्हणजे माझ्या बायकोचे, सुजाताचे, सख्खे काका. मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडला आले, एका कारखान्याच्या लॅबमध्ये वजनंमापं करत रिटायर झाले, आणि आता शकूकाकूंबरोबर मिल्टन कीन्सला राहतात. दर शनिवारी क्लबात जाऊन रायफलने कागदावर नेम धरायचा, हा त्यांचा छंद. पण त्यांचा जीव खरा अडकलाय तो नेमबाजीत नव्हे, रिलोडिंगमध्ये. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं घरी आणायचं, घासूनपुसून लख्ख करायचं, आणि त्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून नवी पावडर आणि नवी गोळी बसवायची. काका याला शास्त्र म्हणतात. काकू 'उष्टी भांडी' म्हणतात.

"उभ्या जन्मात घरातली एक वाटी विसळली नाही या माणसाने," काकू मला सांगतात, "आणि त्या क्लबातली उष्टी भांडी पिशवी भरभरून आणतात नि घासत बसतात!"

काका रोज सकाळी वंदना म्हणतात, पंचशील पाळतात. तेव्हा मी एकदा आगाऊपणे विचारलं, की प्राणिहिंसा न करण्याचं शील आणि ही रायफल, हे जमतं कसं?

"मी कागदाला भोक पाडतो, जावईबापू. कागदाला जीव नसते. तुम्ही आत्ता दोनदा वाढून घेतलेल्या बिर्याणीला होता."

त्यानंतर मी शीलाचा विषय काढलेला नाही.

वरच्या मजल्यावरची छोटी खोली काकांची. तिथे हीटर नाही, खिडकीला जाड पडदा, त्यामुळे डिसेंबरात ते आत ओव्हरकोट घालून बसतात. पावडर तिच्या मूळ डब्यांत, डबे काकांनी स्वतः केलेल्या प्लायवूडच्या पेटीत, पेटीत प्रत्येकाला वेगळा कप्पा. टोप्या त्या खोलीत नाहीतच. त्यांचं कपाट जिन्याच्या पलीकडे. ठिणगी देणारं आणि पेटणारं एका खोलीत झोपवायचं नाही, हा नियम. किल्ल्या कुठे असतात ते फक्त काकांना माहीत.

"माझ्या दागिन्यांची किल्ली यांच्याकडे," काकू म्हणतात, "आणि यांची किल्ली कुणाकडे, तर यांच्याकडेच."

काकूंनी एकदा सुचवलं होतं, की लाकडी पेटीपेक्षा चांगलं स्टीलचं कपाट घ्या, घट्ट बसणारं. काकांनी कपाळाला हात लावला.

"अवं, लाकडाच्या पेटीत आग लागली तर पावडर भुरभुर जळून जाते. लोखंडात घट्ट कोंडली, की तिचा बॉम्ब होते. कोंडून ठेवायचं नसते काही."

हे सांगणारा माणूस स्वतः पोटातलं ओठांवर कधी येऊ देत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला गोष्टी सुचतात त्या घरी पोचल्यावर, बूट काढताना.

एकदा दोघं आमच्याकडे हॅरोला मुक्कामाला आले. काकांनी सहज गॅरेज पाहायला मागितलं. मी अभिमानाने दार उघडलं. आत लॉनमोवरचा पेट्रोलचा कॅन, शेजारी थिनरची बाटली, आणि कपडे सुकवायच्या टम्बल ड्रायरवर गेल्या दिवाळीची उरलेली रॉकेटं. वर उबदार राहतात म्हणून मीच ठेवलेली. काका दारातच थबकले. पुढे वाघ बसलाय अशा आवाजात म्हणाले, "सुजाताला आधी बाहेर बोलवा."

"काका, इतकं काही नाही हो."

"मी तीस वर्षं घरात पावडर ठेवून राहिलो नि रोज निवांत झोपतो. तुमच्या घरी मले झोप नाही लागणार, बापू."

आणि खरंच, जेवून दोघं परत गेले. काकू गाडीत बसताना मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. माझ्या माहेरीही असंच केलं होतं. तिथे रॉकेलचा स्टोव्ह होता."

परवान्याच्या नूतनीकरणाआधी पोलिसांचा अधिकारी घरी येऊन सगळं तपासतो. इतर लोक याला कटकट समजतात. काकांना तो लेकीच्या लग्नाइतका मोठा दिवस. मागच्या वेळी वीस मिनिटांसाठी आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी अडीच तास कप्पे दाखवले. शेवटी म्हणे त्या बिचाऱ्यानेच विचारलं, "सर, मी आता जाऊ का?"

यंदा पुन्हा नूतनीकरण होतं. म्हणून फेब्रुवारीत काकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, रंगीत तालीम असेल.

"जय भीम, जावईबापू. शनिवारी या. गाडी घेऊन. एकटेच या."

गेलो, तर लाकडी पेटी दाराशी तयार.

"क्लबात तो परवानावाला दुकानदार येते. त्याच्याकडे जमा करायचंय. सगळं."

"सगळं? का?"

"आधी गाडी चालवा."

सगळं म्हणजे एका फेरीत नव्हे. पहिल्या फेरीत पावडर. परत येऊन दुसऱ्या फेरीत टोप्या. दोघींना एका गाडीत बसवायचं नाही. मिल्टन कीन्सचे चौदा राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचे गोल चौक, जाताना, चौदा येताना, आणि हे दोनदा. तिसऱ्या वेळी मला गरगरायला लागलं तेव्हा, बाराव्या राउंडअबाउटवर, काका समोर बघत बोलले.

"मागच्या मंगळवारी टेबलावर दोन डबे होते. दोन्ही उघडे."

मी इंडिकेटर द्यायचा विसरलो. मागून हॉर्न आला.

"खोलीत तिसरं कोणी येत नाही. म्हणजे मीच काढले असतील. मापाच्या नरसाळ्यात पावडर होती. कोणत्या डब्यातली, आठवून राहिलं नाही. दोन्ही करड्याच दिसतात. भलती भरली, तर रायफल हातात फुटते."

"मग तेवढी बाजूला काढायची, काका. एकदा झालं, इतकंच."

"ती काढलीच. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात काय भरलं, ते कोण सांगणार? म्हणून भरलेली काडतुसंही दिली. पोलिसांना पत्र लिहिलं, की या वेळी नूतनीकरण नको, रायफलही जमा करतो. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली." मग पुढचा राउंडअबाउट मागे पडल्यावर म्हणाले, "त्या खोलीच्या बरोबर खाली शकूची खुर्ची येते. ती तिथे विणत बसते."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून काकूंचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो.

"तिला सांगू नका. मी सांगितलंय, की राउंडअबाउट फार झालेत, क्लबापर्यंत गाडी चालवायचा कंटाळा येते."

घरी आलो. काका रिकामी पेटी घेऊन वर गेले. काकूंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"राउंडअबाउट फार झालेत म्हणे."

"हो ना काकू. बरेच आहेत." खोटं बोलताना माझे कान लाल होतात, असं सुजाता म्हणते. झाले असावेत.

"आम्ही आलो तेव्हाही चौदाच होते," काकू म्हणाल्या. "मंगळवारी वरचा घासण्याचा आवाज मधेच बंद झाला. एरवी दोन मिनिटांत पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी झालाच नाही. खाली आले तेव्हा चेहरा पाहिला मी. म्हटलं, हो हो, राउंडअबाउट फारच झालेत. त्यांना सांगू नका बरं मी असं बोलले ते."

मी दोघांनाही वचन दिलं होतं. पोटात एकाच वेळी दोन डबे.

तेवढ्यात काका खाली आले. पेटी पुन्हा हातात. काकूंच्या खुर्चीशेजारी ठेवली.

"हे घे. लोकर ठेव. एका कप्प्यात एक रंग. लेबलं मी लावून देतो."

"इतकी वर्षं मागितली असती तर दिली असती का?" काकू म्हणाल्या, आणि लगेच लोकरीचा लाल गुंडा एका कप्प्यात घालून पाहिला.

काका ओट्याशी गेले. आधण ठेवलं. चहापत्तीचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा आत गेला, बाहेर आला. आणि मग तो रिकामा चमचा हातात धरून काका पातेल्यात बघत राहिले. पत्ती घातली होती. पाणी रंगत होतं. पण ते बघतच राहिले.

मी पुढे होऊन झाकण लावलं. डबा कपाटात ठेवला. दार बंद केलं. मग दार उघडून साखरेचा डबा काढला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "शिकले म्हणायचे, जावईबापू."

"उशिरा शिकलो, काका."

"आज चहा मिळणार आहे की नाही?" काकू खुर्चीतून ओरडल्या.

आता मी शनिवारी मिल्टन कीन्सला जातो. घरून चहा न पिता.